शरीरज्ञानाची मराठी : एक परीक्षण

माणूस आपल्या शरीरात जन्मभर राहतो. पण त्या घराच्या खोल्या कोणत्या आणि त्यांना म्हणतात काय, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. आमच्या सुशिक्षित कुटुंबांतही पांडवांच्या शंखांची नावे धडाधड सांगणारी मंडळी भेटतात. परंतु यकृत उजव्या अंगास की डाव्या, असे विचारले तर तीच मंडळी घुटमळतात. हे अज्ञान घालविण्यासाठी मराठीत प्राथमिक शरीरज्ञानाची पुस्तके बरीच झाली आहेत व अजून होत आहेत. काही शाळेतील मुलांसाठी, काही परिचारिकांसाठी, तर काही घरोघरी संग्रही असावीत अशा हेतूने लिहिलेली असतात. त्यांतील माहिती एकंदरीत बरोबर असते. कारण ती चांगल्या इंग्रजी ग्रंथांवरून घेतलेली असते. आम्हांस आज परीक्षण करावयाचे आहे ते ज्या शब्दांतून ही माहिती वाचकापर्यंत पोहोचते, त्या शब्दांचे. हा केवळ भाषाशुद्धीचा खटाटोप आहे असे कोणी समजू नये. वाङ्मयाच्या इतर प्रांतांत शब्द चुकला तर रसहानी होते. येथे शब्द चुकला तर रोगी भलत्या दारी जातो, किंवा योग्य दारी उशिरा जातो.

प्रथम, या पुस्तकांच्या लेखकांना घरात असलेल्या धनाची जाणीव कितपत आहे ते पाहू. बुबुळ, पापणी, टाळू, पडजीभ, हिरडी, बरगडी, मणका, ओटीपोट, खुबा, नडगी, पोटरी, घोटा, टाच, ही नावे कोणत्याही शास्त्रज्ञाने बसून तयार केलेली नाहीत. तरी प्रत्येक नाव नेमक्या जागेवर बोट ठेवते. सुइणीने नाळ आणि वार यांतील भेद पिढ्यान्‌पिढ्या राखला. खाटकाने काळीज, गुर्दा आणि नळी वेगवेगळी ओळखली. तालमीतल्या पोरांनी दंड आवळला की वर उडी मारणाऱ्या मांसाला बेडकुळी म्हटले. आता पाश्चात्त्य शारीराकडे, म्हणजे शरीररचनेच्या शास्त्राकडे, वळून पाहावे. गुडघ्यावरील ज्या हाडास आपण वाटी म्हणतो, त्यास तेथे 'पटेला' हे नाव आहे. आणि लॅटिनमध्ये पटेला म्हणजे लहानशी थाळी. नडगीच्या हाडास 'टिबिया' म्हणतात. टिबिया म्हणजे बासरीही. पडजिभेचे तेथील नाव 'उव्ह्युला', म्हणजे छोटे द्राक्ष. आणि स्नायूला 'मसल' म्हणतात त्या शब्दाच्या मुळाशी लहानसा उंदीर आहे. रोमच्या लोकांना कातडीखाली उंदीर पळताना दिसला, आमच्या पोरांना बेडूक. कल्पनेची जात एकच. ज्या परिभाषेचा आज जगभर दरारा आहे, ती मुळात स्वयंपाकघरातून आणि अंगणातून उचललेली आहे. असे असता गुडघ्याच्या वाटीला ग्रंथात पाऊल टाकण्यापूर्वी संस्कृताचे सोवळे नेसविण्याचे प्रयोजन काय, हे आम्हांस समजत नाही. घरगुती शब्द शास्त्रीय नसतो ही समजूत शास्त्राच्याच इतिहासाने खोटी ठरविली आहे.

तथापि याच्या उलट टोकास जाऊन, जे घरचे ते सर्व चांगले, असे म्हणणेही योग्य होणार नाही. घरचे शब्द शरीराच्या बाहेरच्या भागांविषयी जितके चोख, तितकेच आतील भागांविषयी ढिले आहेत. याचे कारण उघड आहे. जे डोळ्यांस दिसते व हातास लागते त्याला लोक नाव देतात. जे कातडीच्या आड आहे त्याला देत नाहीत, किंवा एकच नाव अनेकांना देतात. काळीज या शब्दाचेच पाहा. कवितेत व बोलण्यात काळीज धडधडते, फाटते, तुटते, तेव्हा ते हृदय असते. मटणाच्या दुकानात तेच काळीज मागितले तर पदरात यकृत पडते. 'पोट' या एका शब्दात जठर, यकृत, पित्ताशय, लहानमोठी आतडी, आंत्रपुच्छ, मूत्रपिंडे, एवढेच नव्हे तर गर्भाशयही नांदते. 'पोटात दुखते' एवढ्यावर कोणत्याही वैद्याचे भागत नाही. कुठे, वर की खाली, उजवीकडे की डावीकडे, हे त्यास विचारावेच लागते. आंत्रपुच्छाला सूज येते तेव्हा दुखणे पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या कुशीत खाली सरकते, एवढी एक गोष्ट रोग्यास सांगता आली तर निदानाची अर्धी वाट सरली.

जंतू हा शब्दही असाच आहे. तो सोपा आहे, रूढ आहे. परंतु जिवाणू आणि विषाणू हे दोन भिन्न प्रकार त्यात एकत्र कोंबले जातात. जिवाणू हा स्वतंत्र जगणारा सूक्ष्म जीव. विषाणू हा दुसऱ्या जीवाच्या पेशीत शिरल्यावाचून वाढू न शकणारा. प्रतिजैविक औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहीत. साध्या सर्दीपडशाला विषाणू कारण असता 'जंतू मारायचे औषध द्या' म्हणून डॉक्टरांकडे हट्ट धरणारे गृहस्थ आपणांस सर्वत्र आढळतात, आणि असल्या औषधांच्या अस्थानी वापरामुळे त्यांना न जुमानणारे जिवाणू फोफावतात. हा हट्ट सर्वस्वी शब्दामुळे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन गोष्टींना दोन नावे असली म्हणजे त्या दोन आहेत हे मनावर ठसणे सोपे जाते. २०२० च्या महासाथीत विषाणू हा शब्द खेडोपाडी पोहोचला, ही त्या आपत्तीतली एक इष्ट गोष्ट म्हटली पाहिजे. तेव्हा नवे शब्द घडविण्याला आमचा विरोध नाही. घरचा शब्द जेथे दोन वस्तूंना एक करतो, तेथे नवा शब्द घडविलाच पाहिजे.

पण घडविताना काय झाले? पहिला दोष असा की, एकाच अवयवाला अनेक नावे पडली. जठराच्या मागे जी ग्रंथी आहे तिला शाळेच्या पुस्तकात स्वादुपिंड म्हणतात व मराठी विश्वकोशात अग्निपिंड. मूत्रपिंड म्हणून शिकलेला विद्यार्थी पुढे वृक्क वाचतो, आणि हा आणखी एक निराळा अवयव असेल अशी समजूत करून घेतो. युरोपातही हा गोंधळ होता. व्हेसेलियस याने गेलनच्या ग्रंथांतील प्राण्यांच्या शरीरांवरून बांधलेल्या चुका प्रत्यक्ष मानवी शवांच्या विच्छेदनाने दुरुस्त करून १५४३ साली बाझल येथे आपला महाग्रंथ छापला. त्यानंतर साडेतीन शतकांत नावांचे असे रान माजले की, त्यांची संख्या सुमारे पन्नास हजारांवर गेली. अखेर १८९५ साली त्याच बाझल नगरीत शारीरज्ञांनी एकत्र बसून ती पाच हजारांच्या आसपास आणली. आमच्याकडे कोश पुष्कळ झाले. परंतु एका नावावर एकमत करून बाकीची रजेवर पाठविण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. काही शब्द ज्ञान देण्याऐवजी गैरसमज देतात. शाळेच्या पुस्तकांतून रोहिणी म्हणजे शुद्ध रक्त नेणारी वाहिनी आणि नीला म्हणजे अशुद्ध रक्त नेणारी वाहिनी, अशी व्याख्या आम्ही कित्येक वेळा वाचली आहे. ही व्याख्या फुप्फुसाशी येताच कोसळते. कारण हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीत प्राणवायू कमी असलेलेच रक्त असते, आणि तेथून परत येणाऱ्या नीलांत प्राणवायूने भरलेले. खरा भेद दिशेचा आहे. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. हार्वे याने रक्ताभिसरणावरील आपला ग्रंथ १६२८ साली प्रसिद्ध केला तेव्हापासून ही दिशा ठरलेली आहे. शिवाय 'अशुद्ध' हा शब्द आमच्या समाजात नुसता शब्द नाही. त्याच्या पाठीमागे सोवळ्याओवळ्याची सारी परंपरा उभी आहे. रक्त अशुद्ध झाले, ते काढून टाकले पाहिजे किंवा काढे घेऊन शुद्ध केले पाहिजे, असे मानणाऱ्या वाचकाला पाठ्यपुस्तकानेच पाठबळ द्यावे, हे चमत्कारिक होय. रक्तपेढीत आपण जे रक्त दान करतो ते नीलेतून काढलेले असते आणि तेच दुसऱ्याचे प्राण वाचविते, एवढे एक वाक्य लिहिले असते तरी हा भ्रम टिकला नसता. धमनी हा रोहिणीचा पर्यायी शब्द घ्यावा तर त्याच्या धातूचा अर्थ फुंकणे असा आहे, आणि ग्रीकांनीही या वाहिन्यांत वारा असतो अशाच समजुतीने 'आर्टरी'चे मूळ नाव ठेवले होते. परंतु हे मूळ आता कोणाच्या ध्यानात राहिलेले नसल्यामुळे त्या शब्दांपासून अपाय नाही. शब्दाचा जुना अर्थ मेला असेल तर तो शब्द निर्धोक असतो. जिवंत असेल तर लेखकाने सावध राहिले पाहिजे.

येथे एका चांगल्या रीतीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. विश्वकोशाच्या वैद्यकीय नोंदींत 'शोथ' हा शब्द आला की त्याच्या शेजारीच 'दाहयुक्त सूज' असा खुलासा दिलेला आढळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने या विकाराची चार लक्षणे सांगितली : लाली, सूज, उष्णता व वेदना. नुसते 'सूज' म्हटले तर पाय लटकवून बसल्याने येणारी सूजही त्यात शिरते; नुसते 'दाह' म्हटले तर जळजळ तेवढी कळते. दोन घरगुती शब्द एकत्र बांधून केलेला तो छोटासा खुलासा दोन्ही उणिवा भरून काढतो. परिभाषा ही अशी वाचकाचा हात धरून आली, तर ती कितीही संस्कृतप्रचुर असो, परकी वाटत नाही.

ही रीत सार्वत्रिक का झाली नाही, याचे कारण आमच्या मते इतिहासात आहे. १८२६ साली मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा निघाली होती. ती १८३२ साली बंद पडली. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते इंग्रजीतून शिकविणारे. तेव्हापासून आजपर्यंत आमचा डॉक्टर इंग्रजीत शिकतो, इंग्रजीत टिपण लिहितो आणि रोग्याशी मिश्र मराठीत बोलतो. कोशातील शब्द त्याच्या तोंडी कधी बसलेच नाहीत. नाणे हातोहात फिरले तरच त्याचा खरेखोटेपणा कळतो. आमची वैद्यकीय परिभाषा टांकसाळीतून निघाली आणि तशीच पेटीत राहिली.

आता रोगांच्या नावांकडे वळू. रोगाला नाव पडते ते पुष्कळदा लक्षणावरून. हिवताप, कावीळ, डांग्या खोकला, हत्तीरोग ही नावे दिसते तेवढेच सांगतात व त्यापलीकडचे काही सांगत नाहीत. म्हणून ती टिकतात. हिवताप या नावाची तुलना मलेरियाशी करावी. मलेरिया म्हणजे वाईट हवा. लाव्हरान याने १८८० साली त्या रोगाचा परजीवी जंतू पाहिला आणि रोनाल्ड रॉस याने १८९७ साली सिकंदराबादेस डासाच्या शरीरात तो शोधून काढला. तेव्हापासून ते नाव खोटे ठरले आहे. हिवतापाला मात्र आपला शब्द मागे घ्यावा लागला नाही. थंडी वाजून ताप येणे हे तेव्हाही खरे होते व आजही आहे. मधुमेहाचेही तसेच. मूत्राची गोडी आमच्या जुन्या वैद्यांनी ओळखली होती; ती साखरेमुळे असते, हे डॉब्सन याने १७७६ साली दाखविले आणि स्वादुपिंडातील इन्शुलिन १९२१ साली हाती आले. नाव जुनेच राहिले आणि त्यात नवे ज्ञान मावले.

उलट, जे नाव कारण सांगू पाहते ते कारण बदलताच अडचणीत येते, आणि जे नाव निवाडा देते ते तर माणसालाच अडचणीत आणते. देवी हा शब्द रोगाचा, रोग देणाऱ्या देवतेचा आणि 'देवी काढणे' या प्रयोगात त्यावरील टोचणीचाही होता. १९८० साली तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, त्यामुळे हा वाद आपोआप मिटला. महारोग या नावाचा वाद मात्र तसा मिटला नाही. हॅन्सेन याने १८७३ साली या रोगाचा जिवाणू दाखविला. १९८० नंतर अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराने तो पूर्ण बरा होऊ लागला. तरी 'महा' या दोन अक्षरांत जी भीती भरून ठेवली आहे ती औषधाने उतरत नाही, आणि अंगावरचा बधिर चट्टा लपवून ठेवणारा माणूस जंतूंइतकाच त्या नावालाही भीत असतो. येथे कुष्ठरोग हा शब्द सर्वत्र रूढ करण्याचा प्रयत्न आम्हांस योग्य वाटतो.

परंतु आज ज्याची सर्वांत अधिक चिंता करावी असे नाव म्हणजे अर्धांगवायू. 'अंगावरून वारे गेले' हा आपल्याकडील जुना वाक्प्रचार त्याचाच घरगुती भाऊ. दोहोंतही वायूची कल्पना आहे, आणि ती अजून मेलेली नाही. वारे गेले म्हटल्यावर अंगाला शेक द्यावा, तेल चोळावे, लुळ्या हातापायांची मालिश करणारा शोधावा, हे ओघानेच येते. वास्तविक बिघाड हातापायांत नसून मेंदूत असतो. मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा गुठळीने अडतो किंवा तेथील वाहिनी फुटते, म्हणून बहुधा विरुद्ध बाजूचे अंग लुळे पडते. गुठळी असेल तर ती विरघळविणारे औषध आहे. परंतु लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच ते द्यावे लागते, आणि तत्पूर्वी डोक्याचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करून घ्यावी लागते. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ जड झाली, की घड्याळ सुरू झाले असे समजावे. त्या साडेचार तासांपैकी दोन तास तेलाच्या वाटीपाशी गेले, तर त्याचा काही दोष त्या नावाकडे जातो. पक्षाघात हा शब्द आपल्याकडे आहेच. त्यात वायू नाही, घाव आहे. प्राथमिक पुस्तकाने तो वापरावा आणि पहिल्याच ओळीत 'हा मेंदूचा विकार आहे' असे लिहावे. आमच्या पाहण्यातील पुस्तकांत मेंदूचा उल्लेख पुष्कळदा चौथ्या-पाचव्या वाक्यात येतो; घाबरलेला वाचक तेथवर पोहोचत नाही.

असाच दुसरा शब्द स्त्रियांच्या बोलण्यातला आहे : 'पिशवी'. 'तिची पिशवी काढली' हे वाक्य आपल्या घरांत किती सहज बोलले जाते! गर्भाशय हा शब्द संकोचामुळे मागे पडला आणि त्याच्या जागी ही वस्तुवाचक पिशवी आली. पिशवी म्हटले की ती रिकामी झाल्यावर निरुपयोगी ठरते, टाकून दिली तरी चालते, असा भाव आपोआप उत्पन्न होतो. शिवाय या शब्दाची हद्द कोठे संपते हे कोणासच ठाऊक नसते. गर्भाशयाच्या दोन बाजूंस बीजांडकोश असतात, ते त्या पिशवीबरोबर गेले की राहिले, हे शस्त्रक्रिया झालेल्या कित्येक स्त्रियांना सांगता येत नाही. हा फरक लहान नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रीचे दोन्ही बीजांडकोश काढले की त्यांतून निघणारी संप्रेरके एकाएकी थांबतात, ऋतुनिवृत्ती अकाली येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवर झालेल्या असल्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला व सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रकरणाची मुळे दारिद्र्यात, मुकादमीच्या पद्धतीत आणि वैद्यकाच्या व्यापारात आहेत. एका शब्दाने ते घडले असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण संमतीच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या स्त्रीला आपल्या शरीरातून नेमके काय जाणार हे विचारावयास शब्दच नसावेत, ही गोष्ट भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां सर्वांना लाजविणारी आहे. आणि येथे शहरातील सुशिक्षित घरांनीही फार ताठ मानेने बोलू नये. आपल्या मुलींना आपण 'अडचण' शिकवितो, पाळी क्वचित शिकवितो, आणि बीजांडकोश तर परीक्षेपुरताच.

यावर कोणी म्हणेल की, एवढा खल कशास? डॉक्टर इंग्रजी बोलतात, लोकही इंग्रजी शब्द उचलतात. तेच चालू द्यावे. लोकांनी उचललेल्या शब्दांचे आम्हांस वावडे नाही. ऑपरेशन, सलाईन, इंजेक्शन हे शब्द आता मराठीच झाले आहेत. परंतु उचललेला शब्द नेहमी समजून उचललेला असतोच असे नाही. 'मला बीपी आहे' असे लोक सांगतात. रक्ताचा दाब तर प्रत्येक जिवंत माणसाला असतो, तो वाढलेला आहे की नाही एवढाच प्रश्न. 'शुगर निघाली' म्हणतात; रक्तातील साखर ही निघण्याची वस्तू नव्हे, ती नसेल तर माणूस बेशुद्ध पडेल. 'अटॅक' हा शब्द हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडला असता वापरतात आणि हृदय अकस्मात बंद पडले असताही वापरतात. पहिल्या प्रसंगी रोग्याला तातडीने रुग्णालयात न्यावयाचे असते, तर दुसऱ्या प्रसंगी रुग्णवाहिका येईपर्यंत तेथल्या तेथे छाती दाबीत राहावयाचे असते. तेव्हा इंग्रजी शब्द घेतल्याने समजावून सांगण्याचे काम टळत नाही. ते मराठीतच करावे लागते. कारण ऐकणारा मराठीतच विचार करीत असतो.

सारांश, यापुढे कोणी प्राथमिक शरीरज्ञानाचे पुस्तक लिहावयास घेईल त्याच्यापुढे आमच्या चार मागण्या आहेत. घरचा शब्द नेमका असेल तेथे तोच वापरावा व त्याची लाज बाळगू नये. तो ढिला असेल तेथे शास्त्रीय शब्द द्यावा, पण एका वस्तूला एकच, आणि पहिल्या वेळी त्याचा अर्थ शेजारी सांगावा. डॉक्टरांच्या तोंडचा इंग्रजी शब्दही देवनागरीत सोबत द्यावा. कारण रुग्णालयात वाचकाच्या कानी तोच पडणार आहे. आणि चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची : जो शब्द वाचकाला फसवील अशी शक्यता आहे, तो कसा फसवितो हे स्पष्ट लिहावे. अशुद्ध रक्त, वायू, पिशवी, बीपी या शब्दांवर एकेक परिच्छेद खर्च केला तर पुस्तकाची दोनचार पाने वाढतील. तेवढी जागा हाडांच्या लांबलचक यादीतून खुशाल काढून घ्यावी. दोनशे सहा हाडांची नावे पाठ नसल्यामुळे कोणाचे घर बुडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

असे पुस्तक लिहिणे सोपे नाही. त्याला वैद्यक यावे लागते, मराठी यावी लागते, आणि सुइणीपासून कोशकारापर्यंत सर्वांच्या बोलण्याला कान द्यावा लागतो. परंतु ते लिहिले गेले तर मध्यरात्री घरातील वडीलधाऱ्यांचे तोंड वाकडे झालेले पाहून तेलाची बाटली शोधणारा हात रुग्णवाहिकेसाठी फोनकडे वळेल. पुस्तकाच्या यशाची याहून मोठी कसोटी आम्ही मागत नाही.